आमच्या फाटकावर कधीच काही झालं नाही

मामा रिटायर होऊन आता कितीतरी वर्षं झालीत पण ते एक वाक्य काही सोडत नाहीत. कोणी पाहुणा आला, चहापाणी झालं, की बशी खाली ठेवता ठेवता येणारच, "एकतीस वर्षं फाटकावर काढली, एक बी अपघात नाई. एक बी." आणि एक बोट वर. लहानपणी मला या वाक्याचा फार अभिमान वाटायचा, शाळेत मी सांगायचे पण, की माझे मामा रेल्वे थांबवतात म्हणून. (रेल्वे नाही थांबवत, रस्ता थांबवतात, पण चौथीत कोण एवढा फरक करतं.)

मागच्या दिवाळीत आजोळी गेले होते, परभणी-मनमाड लाईनीवर आमचं गाव, आणि सुट्टीनंतर लगेच पोर्शन संपवायचा होता म्हणून लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसले होते. मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. तर पॉयसाँ डिस्ट्रिब्युशनवर, म्हणजे क्वचित घडणाऱ्या गोष्टी किती वेळा घडतील त्याच्या सूत्रावर, नेहमीची लॉटरी-बिटरी सोडून काहीतरी नवीन गणित द्यावं म्हणून रेल्वे फाटकांच्या अपघातांचं मांडत होते. मामा मागून आले. "काय मांडून बसलीस गं तायडे?" मी म्हणलं फाटकावरचे अपघात आधी कसे ओळखायचे त्याचं गणित आहे. मामा जे हसले. "मला इचारायचं की मग. माझ्या फाटकावर एकतीस वर्षांत काई झालं नाई. लिहून घे शून्य."

आता हे शून्य लिहून घ्यायचं कसं, तिथंच सगळं अडतं.

फाटकावरचा अपघात ही गोष्ट क्वचित घडणारी. कुठल्याही एका फाटकाचं दहा वर्षांचं रजिस्टर उघडा, बहुतेक वेळा शून्य शून्य शून्यच दिसणार. अशा क्वचितच्या गोष्टींचं गणित पोरांना शिकवायला आम्ही सगळे मास्तर लोक एकच जुनं उदाहरण देतो, घोड्यांच्या लाथांचं. बोर्टकीविच नावाच्या माणसानं १८९८ साली जर्मनीतल्या प्रशिया राज्याच्या लष्करातले आकडे छापले, घोड्याची लाथ लागून किती सैनिक मेले त्याचे. त्यातल्या १० तुकड्यांची २० वर्षं धरली तर २०० नोंदी होतात आणि मेलेले एकूण १२२. आता गंमत बघा, २०० पैकी १०९ नोंदींमध्ये एकही मेला नाही, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन, आणि एका ठिकाणी एकाच वर्षात चार. तो चारवाला आकडा बघून कुणालाही वाटेल की त्या तुकडीतले घोडे माजलेले होते, नाहीतर नाल ठोकणारा तरी येडा होता. पण पॉयसाँचं सूत्र लावलं तर सगळ्या तुकड्यांचा धोका अगदी सारखा धरूनही साधारण असेच आकडे येतात. म्हणजे चारवाल्यांचं नशीब वाईट आणि शून्यवाल्यांचं बरं, एवढंच.

मी मामांना म्हणलं, समजा तुमच्यासारख्या फाटकावर सरासरी ५० वर्षांत एक अपघात होतो असं धरलं. मग ३१ वर्षांत एकही न होण्याची शक्यता किती? कॅल्क्युलेटरवर काढून दाखवलं, ५४ टक्के. म्हणजे अशा फाटकांवरचे, सारखेच सावध, सारखेच निर्व्यसनी १०० गेटमन घेतले तर त्यातले ५४ रिटायर होताना हेच वाक्य म्हणणार. छाती काढून.

मामा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मला वाटलं राग आला, एकतीस वर्षांच्या नोकरीला भाचीनं नाणेफेक करून टाकलं म्हणून. मग म्हणाले, "आन उरलेले शेहेचाळीस?"

आणि मग त्यांनी एका गेटमनची गोष्ट सांगितली, जी मी आधी कधीच ऐकली नव्हती. नाव नाही लिहीत. दोघं जवळपास बरोबरच लागलेले, तो दुसऱ्या सेक्शनला. उसाच्या सीझनमधली रात्र, मागं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर फाटकात चढला आणि मागची ट्रॉली रुळावरच बसली. फाटक इंटरलॉक नव्हतं. इंटरलॉक म्हणजे फाटक नीट लागून कुलूप पडल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही, उघडं राहिलं तर गाडीच अलीकडं उभी राहते. तिथं ते नव्हतं, सगळा कारभार फोनवर. स्टेशन मास्तरचा फोन येणार, मग फाटक पाडायचं, दोघांनी एकमेकांना प्रायव्हेट नंबर द्यायचा, म्हणजे फाटक लागल्याची खूण म्हणून एक सांकेतिक आकडा, तो वहीत चढवायचा. त्या रात्री नंबर देऊन झालेला होता. हा लाल बत्ती घेऊन रुळातून गाडीच्या दिशेनं पळत सुटला, पण अंतर कमी पडलं. ट्रॅक्टरवाला गेला. पुढं चौकशी, सस्पेंड, कित्येक महिने घरी. "नंबर दिला तवा फाटक खरंच पडलेलं होतं का, त्याचं त्यालाच ठाव," मामा म्हणाले, "रातच्याला पन्नास ट्रॅक्टर हॉर्न मारायलेत, मुकादम शिव्या द्यायलाय, उघड की रे म्हणून. ते माझ्या बी फाटकावर व्हायचंच की. मी बी उघडलंय कधी कधी." मग जरा थांबून, "तो माझ्यापेक्षा चांगला गेटमन होता, तायडे."

मी लॅपटॉप मिटला.

खरं म्हणजे मामांचा हा प्रश्न, की एका फाटकाचा स्वतःचा इतिहास किती खरा मानायचा, यावर अमेरिकेत बक्कळ काम झालंय. तिकडं दोन लाखांवर क्रॉसिंग आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचा नंबर, आपल्या आधारसारखा. १९४१ साली पीबॉडी आणि डिमिक या दोघांनी खेड्यापाड्यांतल्या क्रॉसिंगचे पाच वर्षांचे अपघात घेऊन एक सूत्र बसवलं होतं, रोजच्या गाड्या किती, रस्त्यावरची वाहनं किती आणि तिथं बंदोबस्त काय आहे, यावरून अंदाज. पुढं तिथल्या वाहतूक खात्याचं सूत्र आलं आणि त्यातली एक युक्ती मला जाम आवडते. ते फाटकाला दोन प्रश्न विचारतात. एक, तुझ्यासारख्या फाटकांवर साधारण किती अपघात होतात? दोन, तुझ्या स्वतःच्या अंगणात मागच्या पाच वर्षांत किती झाले? आणि मग दोन्ही उत्तरं वजन लावून एकत्र करतात. म्हणजे आपल्या भाषेत एक मत भावकीचं आणि एक मत घरच्याचं.

उदाहरण घ्या. भावकीचं मत आहे वर्षाला ०.१, म्हणजे दहा वर्षांत एक. त्या सूत्रात अशा फाटकाच्या स्वतःच्या पाच वर्षांच्या इतिहासाला साधारण ४३ टक्के वजन मिळतं आणि भावकीला ५७. आता पाच वर्षांत शून्य अपघात झाले असतील तर उत्तर येतं ०.०५७. कमी झालं, पण शून्य नाही झालं. सतरा-अठरा वर्षांत एक अजून धरलेलाच आहे त्यानं. आणि एक अपघात झालेला असेल तर येतं ०.१४३, साधा भागाकार केला असता तर ०.२ आलं असतं. म्हणजे शून्यवाल्याला शाबासकी जपून आणि एकवाल्याला शिक्षाही जपूनच. आणि जितकं फाटक शांत तितकं त्याच्या स्वतःच्या इतिहासाचं वजन अजून कमी. भावकी वर्षाला ०.०२ म्हणत असेल, मामांच्या फाटकासाठी मी धरलं होतं तसं, तर पाच वर्षांच्या शून्याला फक्त २६ टक्के मत मिळतं. आपल्या चौकशी समित्यांना एवढी अक्कल कुणी देईल तर बरं होईल. २०२० मध्ये तिथल्या रेल्वे खात्यानं अजून नवीन मॉडेल आणलं, त्यात शून्याचीच दोन जातींत वाटणी केलीय, एक शून्य म्हणजे जिथं मुळात काही होण्यासारखंच नाही, आणि दुसरं म्हणजे जिथं होऊ शकतं पण अजून झालेलं नाही. बाहेरून दोन्ही शून्यं सारखीच दिसतात, हा सगळा घोळ आहे.

अजून एक गोष्ट, म्हसोबाची.

आमच्याकडं कुठं मोठा अपघात झाला की त्या जागेवर दगडाला शेंदूर लागतो, नारळ फुटतो, वर्षाला बोकड. आमच्याच पंचक्रोशीत एका फाटकाजवळ असा म्हसोबा आहे. लोक म्हणतात म्हसोबा बसवल्यापासून एकही अपघात नाही. त्याच सुमाराला तिथं स्पीड ब्रेकर आणि मोठा बोर्ड पण लागला, तर इंजिनिअर लोक म्हणणार आमच्या बोर्डाचा गुण. मी काय म्हणते, मुळात लागोपाठ अपघात झाले म्हणूनच म्हसोबा आला आणि म्हणूनच बोर्डही आला. जिथं नशीब सगळ्यात वाईट फिरलं त्या जागा तुम्ही निवडल्या, तर पुढच्या वर्षी तिथं आकडा बहुतेक कमीच दिसणार, काही केलं तरी आणि नाही केलं तरी, कारण इतकं वाईट नशीब दरवर्षी येत नाही. याला सरासरीकडं परतणं म्हणतात. एझ्रा हॉअर म्हणून रस्ते सुरक्षेतले मोठे अभ्यासक, त्यांनी आणि भगवंत परसोद यांनी १९८७ मध्ये नेमकं रेल्वे क्रॉसिंगच घेऊन हे मांडलं, की बोर्ड, दिवे, फाटक यांचा खरा गुण किती हे बघायचं असेल तर आधी हे आपोआप परतणं वजा करा. गुण असतो, पण कागदावर दिसतो तितका नसतो. हे मी आजोळी बोलून दाखवलं तर मामी म्हणाली, "म्हसोबाचं नाव घेऊ नको गं, उगं." बोर्डाबद्दल मात्र काही बोलली नाही.

आपल्या रेल्वेचं सूत्र फार सोपं आहे, टीव्हीयू, म्हणजे ट्रेन व्हेइकल युनिट. चोवीस तासांतल्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं. रेल्वेगाडी एक युनिट, मोटार एक, बैलगाडी एक, ऑटोरिक्षा अर्धा. समजा २४ गाड्या आणि ३०० युनिट, झाले ७,२००. कुठल्या फाटकावर माणूस नेमायचा, कुठं पूल बांधायचा (पुलासाठी एक लाख टीव्हीयूची जुनी मोजपट्टी) हे या आकड्यावरून ठरत आलं. गणना काही वर्षांतून एकदा, सात दिवसांची. आता ते सात दिवस उसाच्या सीझनमध्ये पडले तर आकडा वेगळा आणि चैत्रातल्या रखरखाटात पडले तर वेगळा, पण ते सोडा. मला खटकते ती बैलगाडी. बैलगाडीही एक आणि ट्रकही एक? ट्रक तीन सेकंदांत रूळ पार करतो, बैलगाडीला दहा-बारा सेकंद लागतात. आणि पायी माणसाला तर त्या यादीत घरच नाही.

बैलगाडीचं मला खटकतं त्याला कारण आहे. मीटरगेजचे शेवटचे दिवस होते, मी आठ-नऊ वर्षांची. आमच्या वावराकडं जायच्या रस्त्यावर बिनमाणसाचं फाटक होतं, फाटक म्हणजे नुसता पांढरा-काळा खांब आणि 'थांबा, पहा, जा'. आबा गाडी हाकत होते, मागं कडबा, कडब्यावर मी. रुळावर आलो आणि डाव्या बैलाचा पाय अडकला. रूळ आणि त्याच्या आतल्या अंगाला लावलेली दुसरी पट्टी, या दोघांत गाडीच्या चाकाला जायला जी फट सोडतात ना, तिथं खूर गेला. आबांनी आधी कासरा ओढला, मग चाबूक मारला, मग एकदम चाबूक टाकून खाली उतरले आणि बैलाच्या पायाशी बसले. मला अजून ते दिसतं, आबांनी बैलाचा गुडघा दोन्ही हातांत धरला होता, पोराचा बूट काढताना धरतात तसा, आणि हळूहळू मागं घेत होते. बैल थरथरत होता. कुठंच काही आवाज नव्हता. मी विचारलं, "आबा, गाडी यायली का?" तर म्हणाले, "उतर आन वावरात पळ." मी उतरले पण पळाले नाही. पाय निघाला. गाडी पलीकडं गेली. कितीतरी वेळानं पॅसेंजर आली, आणि आबांनी तिच्याकडं पाहिलंही नाही, ते बैलाच्या खुराला माती लावत होते.

ही गोष्ट कुठल्याही वहीत नाही. त्या फाटकाच्या नावावर त्या वर्षी शून्यच. मी आज कुठल्याही फाटकाचा आकडा वाचते तेव्हा मला त्या शून्याच्या पोटात आबा बैलाचा पाय धरून बसलेले दिसतात.

लोक म्हणतात गाडी दिसत असताना घुसतात, मरणार नाही तर काय. इतकं सोपं नाही ते. लायबोवित्झ या मानसशास्त्रज्ञानं १९८५ च्या सुमाराला दाखवून दिलं की मोठी वस्तू आपल्याकडं येत असली की ती आहे त्यापेक्षा हळू येतेय असं डोळ्याला वाटतं. विमान उतरताना बघा, तरंगल्यासारखं वाटतं. इंजिनाचंही तसंच, आणि समोरून बघताना तर ते नुसतं थोडं थोडं मोठं होत राहतं. फाटकाच्या ६०० मीटर अलीकडं तो 'सी/फा' लिहिलेला बोर्ड असतो, ड्रायव्हरनं शिटी द्यायची जागा. ताशी १०० च्या वेगानं तिथून फाटकापर्यंत यायला २२ सेकंदसुद्धा लागत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं १३१ कलम सांगतं की बिनमाणसाच्या फाटकावर गाडी उभी करा, सोबतच्या माणसानं खाली उतरून चालत जाऊन दोन्हीकडं बघावं, सोबत कोणी नसेल तर ड्रायव्हरनं स्वतः. काळीपिवळीत चौदा माणसं कोंबलेला ड्रायव्हर खाली उतरून बघायला गेलाय असं दृश्य मी तरी जन्मात पाहिलेलं नाही.

२४ जुलै २०१४ ला तेलंगणात मासाईपेटला शाळेची बस अशाच फाटकावर गाडीखाली आली. गाडी नांदेड-सिकंदराबाद पॅसेंजर होती. मामा त्या दिवशी जेवले नव्हते असं मामी सांगते. "आपल्या इकडूनच गेली होती ती," एवढंच ते म्हणत राहिले. मग २६ एप्रिल २०१८ ला कुशीनगरला शाळेची व्हॅन, १३ पोरं. त्यानंतर मात्र रेल्वेनं जोर लावला आणि ३१ जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरची सगळी बिनमाणसाची फाटकं काढून टाकली. हे काम मोठंच झालं, त्यात वाद नाही. रेल्वे सुरक्षेवरच्या काकोडकर समितीनं २०१२ मध्येच सांगितलं होतं की फाटकं सगळीच काढा, माणसाची बिनमाणसाची दोन्ही, पाच वर्षांत, खर्च ५०,००० कोटी. सूत्रं लावून कुठलं फाटक आधी हे ठरवत बसण्यापेक्षा फाटकच नको.

आमच्या वावराकडचं फाटक पण गेलं. खाली बोगदा केला, ठेंगणा, सिमेंटचा. आणि आमच्याकडची काळी माती, पाऊस पडला की बोगद्यात कमरेइतकं पाणी, मोटार लावून उपसलं तरी दोन दिवसांनी परत. मग लोक काय करतात? जुन्या फाटकाच्या जागी लावलेल्या लोखंडी पट्ट्यांमधून वाकून वर चढतात आणि रूळ ओलांडतात. तिथं कोणी गेलं तर तो फाटकावरचा अपघात नाही, कारण फाटकच नाही. तो अतिक्रमण करणारा माणूस. काकोडकर समितीनं लिहिलं होतं की असे रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे १५,००० लोक मरतात, आणि ते रेल्वेच्या अपघातांच्या आकड्यात धरले जात नाहीत. म्हणजे आमच्या फाटकाचा रकाना आता कायमचा शून्य.

त्याच दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, मामांना घेऊन वावराकडं गेले. उशिराचा पाऊस होऊन गेलेला, बोगदा भरलेला. आम्ही वर चढलो. आता विजेची लाईन झालीय, वर तारा, इंजिनाचा पूर्वीसारखा धडधडाट नाही, वंदे भारत तर अंगावर येईस्तोवर कळत नाही असं सगळे म्हणतात. आमच्या पुढं एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन पट्टीखालून वाकत होती, मागं मोटारसायकल ढकलत आणणारा एक पोरगा.

मामांनी नुसता हात आडवा केला. "थांबा."

बाई थांबली. "का हो दादा? कुठंय गाडी?"

"सिग्नल पडलाय."

खांबावरचा लोखंडी हात खाली पडला की गाडीला वाट मोकळी, ते हाताचे सिग्नल जाऊन जमाना झाला, आता दिवेच आहेत, पण मामा अजून पडलाय म्हणतात. मी पाहिलं, लांब हिरवा ठिपका होता खरा. आम्ही उभे राहिलो. पाच मिनिटं झाली. पोरगा मोबाईल बघायला लागला. दोन्हीकडं रूळ लांबपर्यंत मोकळे, कुठं काही नाही, एक कोतवाल पक्षी तारेवर. बाईनं भारा एका हातानं सावरला, मग दुसऱ्या. सात-आठ मिनिटं झाली असतील, "म्हाताऱ्याला काय उद्योग नाई," असं काहीतरी पुटपुटत ती निघाली आणि चार ढांगांत पलीकडं गेली. तिच्यामागं तो पोरगाही मोटारसायकल रुळांवरून उचलून उचलून घेऊन गेला. कुणालाच काही झालं नाही.

मी म्हणलं, मामा चला की.

मामा हलले नाहीत. हात तसाच आडवा होता, माझ्यासमोर. "अजून पडलेलाच हाय," ते म्हणाले.